एल्कच्या शिकारीसाठी गोळीची पारख कशी करावी

मारलेल्या एल्कचे कातडे सोलताना, गोळी जेथून शिरली त्याच्या विरुद्ध अंगाला, कातड्याच्या आतल्या बाजूस कधी कधी बोटाला एक टणक गाठ लागते. सुरीच्या टोकाने तेथे छोटासा छेद दिला की तांब्याच्या पाकळ्या मागे वळलेला, शिशाने काळवंडलेला, अळंबीच्या आकाराचा एक तुकडा हातात येतो. बहुतेक शिकारी तो आठवण म्हणून खिशात टाकतात आणि विसरतात. मला मात्र वाटते की गोळीविषयी पेटीवर छापलेल्या मजकुरापेक्षा हा तुकडा आणि जनावराच्या शरीरात त्याने कापलेली वाट कितीतरी अधिक सांगते, आणि हे सांगणे वाचायला शिकणे हे परवाना घेणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे. कारण गोळीची निवड चुकली तर तिची किंमत शिकारी नव्हे, ते जनावर मोजते.

मी कोलोराडोत राहतो आणि येथील नियमांनुसार दर शरद ऋतूत एल्कच्या शिकारीला जातो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी काहींनी अलीकडे शिकारीचे परवाने घेतले आहेत आणि ‘कोणती गोळी घ्यावी’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी घातलेली आहे आणि ती योग्यच आहे, त्यामुळे येथे लिहिलेले काहीही महाराष्ट्रातील रानाला लागू होत नाही. एल्क हा आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद म्हणावा असा प्राणी असून पूर्ण वाढलेला नर साधारण तीनशे किलोंच्या पुढे जातो. त्याची हाडे जाड, स्नायू घट्ट आणि जीव चिवट असतो. साध्या हरणावर उत्तम काम करणारी गोळी एल्कवर कमी पडू शकते, म्हणून गोळीची खरी परीक्षा येथेच होते.

गोळीचे काम नेमके काय असते

गोळीच्या धक्क्याने जनावर कोसळते, हा समज आधी मनातून काढून टाकावा. हिशोब सोपा आहे. १८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८२० मीटर वेगाने तीनशे किलोंच्या एल्कला लागली आणि पूर्णपणे आतच थांबली, तरी त्या जनावराला तिच्यामुळे मिळणारा वेग सेकंदाला फक्त तीन सेंटिमीटरच्या आसपास असतो. इतक्याने जनावर पडत नाही. मेंदू किंवा मणका सापडला तर ते जागीच कोसळते. एरवी फुप्फुसे, हृदय किंवा मोठ्या रक्तवाहिन्या फाटून रक्तदाब उतरतो, मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. या काही सेकंदांत फुप्फुसातून आरपार गोळी गेलेला एल्कसुद्धा पन्नास-शंभर मीटर धावून जाऊ शकतो, आणि त्यात गोळीचे काही चुकले आहे असे समजू नये.

म्हणून चांगल्या गोळीने तीन कामे करायला हवीत. तिने कातडे, स्नायू आणि प्रसंगी हाड भेदून महत्त्वाच्या अवयवांपर्यंत पोहोचावे, तेथे पोहोचेपर्यंत पुरेसे उमलून वाट रुंद करावी, आणि उमलताना तुकडे तुकडे न होता सरळ पुढे जात राहावे. उमलणे आणि खोल जाणे ही कामे एकमेकांच्या विरोधात जातात, आणि गोळी बनवणाऱ्यांची सगळी कारागिरी या ओढाताणीचा तोल साधण्यात खर्च झालेली आहे.

बिघाडही मग दोनच प्रकारचे उरतात. गोळी वेळेआधीच फुटते, म्हणजे खांद्याच्या हाडावरच तिचा चुरा होऊन वरवरची, दिसायला भयंकर पण प्राणघातक नसलेली जखम होते. किंवा ती उमलतच नाही आणि पेन्सिलीएवढे भोक पाडून दुसऱ्या बाजूने निघून जाते. दुसऱ्या प्रकारात रक्त बाहेर कमी पडते, जनावर लांब जाते आणि पुष्कळदा हाती लागत नाही.

पेटीवरचे आकडे कसे वाचावेत

काडतुसांच्या पेटीवर गोळीचे वजन ग्रेनमध्ये, नळीतून सुटतानाचा वेग सेकंदाला फुटांमध्ये आणि ऊर्जा फूट-पौंडांमध्ये दिलेली असते. कोलोराडोचा नियम असा आहे की रायफलच्या नळीचा आतला व्यास किमान ०.२४ इंच हवा, गोळी उमलणारी हवी, एल्क आणि मूससाठी (मूस म्हणजे एल्कहूनही मोठे हरीण) तिचे वजन किमान ८५ ग्रेन हवे आणि शंभर यार्डांवर तिची ऊर्जा किमान १००० फूट-पौंड असावी. ही कायद्याने आखलेली खालची रेघ आहे. ८५ ग्रेनची गोळी कायद्यात बसते म्हणून ती एल्कसाठी योग्य ठरते, असा अर्थ कोणी काढू नये.

ऊर्जेच्या आकड्यापेक्षा दोन गोष्टींकडे अधिक लक्ष द्यावे. पहिली म्हणजे गोळी जनावराला लागते त्या क्षणीचा वेग. थर्टी-ऑट-सिक्स रायफलमधून १८० ग्रेनची गोळी सुमारे २७०० फूट वेगाने सुटते, तीनशे यार्डांवर तो वेग साधारण २१०० आणि चारशे यार्डांवर १९५० फुटांच्या आसपास येतो. शिसे आणि तांब्याच्या आवरणाच्या नेहमीच्या गोळ्यांना नीट उमलण्यासाठी अंदाजे १८०० फूट वेग लागतो. अख्ख्या तांब्याच्या अनेक गोळ्यांना २००० फुटांच्या आसपास वेग लागतो. याचा अर्थ असा की तांब्याची जी गोळी शंभर यार्डांवर सुरेख उमलते, तीच चारशे यार्डांवर बंदच राहू शकते. उत्पादक हा किमान वेग बहुधा आपल्या माहितीपत्रकात देतात. तो शोधून काढावा, त्यात शंभर-दीडशे फुटांची भर घालावी आणि आपली गोळी ज्या अंतरावर त्या वेगाखाली येते ते अंतर आपली मर्यादा मानावी. मग रेंजफाइंडरवर, म्हणजे अंतर मोजणाऱ्या यंत्रावर, त्यापुढचा आकडा दिसला तर चापावरून बोट काढायचे.

पेटीवरचा वेग बहुधा २४ इंची नळीतून मोजलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे. आपल्या रायफलची नळी २० इंच असेल तर प्रत्येक कमी इंचामागे साधारण २० ते ३० फूट वेग वजा होतो. क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारी यंत्रे, आता पुष्कळ स्वस्त झाली आहेत. एकदा आपल्या रायफलमधून दहा बार काढून खरा वेग मोजून घ्यावा, म्हणजे पुढचा सगळा हिशोब अंदाजावर उभा राहत नाही. कोलोराडोच्या तीन हजार मीटर उंचीवर हवा विरळ असल्यामुळे गोळी आपला वेग थोडा अधिक टिकवते, आणि ही गोष्ट आपल्या बाजूची आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे सेक्शनल डेन्सिटी, म्हणजे गोळीचे पौंडांतील वजन भागिले इंचांतील व्यासाचा वर्ग. ०.३०८ इंच व्यासाच्या १५० ग्रेन गोळीची ही संख्या ०.२२६ येते आणि १८० ग्रेन गोळीची ०.२७१. संख्या जितकी मोठी तितकी गोळी खोल जाते, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. ते खरे आहे, पण ते गोळी उमलेपर्यंतच खरे आहे. उमलल्यावर तिचा व्यास वाढतो, वजन घटते आणि ही संख्या एकदम कोसळते. १६५ ग्रेनच्या गोळीची सुरुवातीची सेक्शनल डेन्सिटी ०.२४८ असते. ती गोळी ०.५६ इंचांपर्यंत उमलली आणि तिचे १३९ ग्रेन वजन उरले, तर हाच भागाकार ०.०६३ येतो, म्हणजे जवळजवळ चौथाई. एल्कच्या छातीत शिरल्यावर पहिल्या काही सेंटिमीटरनंतरचा सगळा प्रवास या दुसऱ्या संख्येवर चालतो. ती संख्या पेटीवर छापलेली नसते. ती ठरते गोळीच्या बांधणीवरून.

बांधणी

उमलणाऱ्या गोळीच्या इतिहासाचा एक धागा भारतात सापडतो. कोलकात्याजवळच्या दमदम येथील ब्रिटिशांच्या शस्त्र कारखान्यात १८९० च्या दशकात टोकाचे आवरण काढलेली, शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार झाली आणि त्या गावाचे नाव अशा गोळ्यांना जगभर चिकटले. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळ्या वापरण्यावर बंदी घातली. शिकारीत मात्र नेमके उलटे आहे: लष्करी वापराची, पूर्ण आवरणाची गोळी मोठ्या जनावरांवर वापरण्यास अमेरिकेतील अनेक राज्यांत मनाई आहे, कारण ती न उमलता आरपार जाते आणि जनावर जखमी अवस्थेत भटकत राहते.

सर्वांत जुनी आणि स्वस्त बांधणी म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूच्या पातळ वाटीत ओतलेले शिसे. ती मऊ असते, झटकन उमलते आणि मध्यम वेगावर हरणांसाठी तिच्याइतकी चांगली गोळी नाही, असे मी आजही म्हणेन. पण वेग फार असला किंवा वाटेत जाड हाड आले तर शिसे आणि आवरण वेगळे होतात व दोघेही आपापल्या वाटेने थोडेसे जाऊन थांबतात. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेले असता त्यांच्या गोळ्या चिखलाने लिंपलेल्या मूसच्या अंगात पुरेशा खोल शिरल्या नाहीत. घरी परतून त्यांनी मधोमध तांब्याची आडवी भिंत असलेली गोळी घडवली. पुढचा कप्पा फुटून उमलतो, मागचा कप्पा भिंतीच्या आडोशाने शाबूत राहतो आणि खोल जातो. १९४८ पासून बाजारात आलेली ही पार्टिशन गोळी आजही विकली जाते, आणि तिचा दाखला मला पुढे पुन्हा द्यावा लागणार आहे.

त्यानंतर शिसे आणि आवरण रासायनिक किंवा उष्णतेच्या प्रक्रियेने एकजीव केलेल्या बॉन्डेड गोळ्या आल्या. या उमलतात पण सुट्या होत नाहीत. १९८९ मध्ये रँडी ब्रुक्स यांच्या बार्न्स कंपनीने शिसे पूर्णपणे वगळून अख्ख्या तांब्याची, टोकाशी पोकळी असलेली एक्स गोळी आणली. लागताच तिच्या चार पाकळ्या मागे वळतात आणि वजन जवळजवळ सगळे टिकते. तांबे शिशाहून हलके असल्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, म्हणून तांब्याची गोळी घेताना वजनाची एक पायरी खाली उतरायला हरकत नसते: शिशाची १८० ग्रेन घेणाऱ्याने तांब्याची १६५ किंवा १५० घ्यावी. वजन कमी झाल्याने वेग वाढतो आणि तांब्याला उमलायला वेगच हवा असतो.

एल्कसाठी माझे मत स्पष्ट आहे. अंतर तीनशे यार्डांच्या आत असेल तर बॉन्डेड, पार्टिशन किंवा तांब्याची गोळी घ्यावी आणि पातळ आवरणाची, प्लॅस्टिकच्या टोकाची, झटकन फुटणारी गोळी हरणांसाठी राखून ठेवावी. हे मत मी एका अनुभवातून कमावले आहे.

काही वर्षांपूर्वी मी मॅग्नम, म्हणजे गोळी जास्त वेगाने फेकणारी, रायफल घेऊन गेलो होतो आणि आदल्या आठवड्यात म्यूल हरणासाठी वापरलेली १५० ग्रेनची हलकी गोळी बदलण्याचा कंटाळा केला होता. पहाटे पाइनच्या दाट झाडीत एक एल्क मादी जेमतेम पंचेचाळीस मीटरवर, अर्धवट माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. गोळी सेकंदाला तीन हजार फुटांहून अधिक वेगाने तिच्या खांद्याच्या हाडावर लागली. ती अडखळली आणि निघून गेली. पहिल्या तीस-चाळीस पावलांत भरपूर रक्त होते, नंतर थेंब, नंतर केवळ खुरांचे ठसे. अंधार पडेपर्यंत मी माग काढला आणि रात्र जागून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओढ्याकाठी बसलेली सापडली आणि दुसऱ्या गोळीने तिचा शेवट केला. सोलून पाहिले तेव्हा खांद्यावर वाटीएवढा खळगा होता, त्यात हाडाच्या चिपा आणि आवरणाचे कपटे रुतलेले होते आणि त्याखालच्या बरगड्या अभंग होत्या. तिने ती रात्र कशी काढली असेल, हा विचार अजूनही मला अस्वस्थ करतो. ती गोळी ज्या कामासाठी बनवली होती त्यात उत्तमच होती. मी तिला भलत्या वेगावर, भलत्या जनावरावर, भलत्या कोनातून सोडली होती.

हंगामापूर्वीची चाचणी

बाजारात कृत्रिम जेलचे ठोकळे मिळतात, पण घरगुती परीक्षेसाठी पाण्याने भरलेले एक गॅलनचे पाच-सहा प्लॅस्टिक कॅन पुरतात. ते एकामागे एक चिकटवून, मागे भक्कम मातीचा बांध असलेल्या आणि अशा चाचणीला परवानगी असलेल्या मैदानावरच मांडावेत. झाकणे घट्ट बसवावीत. बार काढल्यावर पहिला कॅन चिंध्या होऊन उडतो, दुसरा फाटतो आणि शिकारीची गोळी बहुधा तिसऱ्या ते पाचव्या कॅनमध्ये तळाशी सापडते. प्लॅस्टिकचा प्रत्येक तुकडा गोळा करून परत न्यावा.

पाण्यात गोळी मांसापेक्षा सहज उमलते, त्यामुळे पाण्यात उमलली म्हणून जनावरातही उमलेल असे खात्रीने सांगता येत नाही. पण पाण्यातही बंद राहिली तर जनावरात ती नक्कीच बंद राहील. म्हणून कॅन पंचवीस यार्डांवर ठेवून समाधान मानू नये. आपल्या मर्यादेच्या अंतरावर, म्हणजे समजा तीनशे यार्डांवर, ते ठेवावेत. तेथे नेम लागणे अवघड आहे असे वाटत असेल, तर त्या अंतरावरून एल्कवर बार काढू नये, एवढा धडाही या चाचणीतून मिळतो. पुढे हाड ठेवून पाहायचे असेल तर खाटकाकडून गाईच्या खांद्याचे पाते आणून पहिल्या कॅनच्या पुढ्यात बांधावे. पातळ आवरणाच्या आणि बॉन्डेड गोळीतला फरक तेव्हा डोळ्यांना दिसतो.

नेम आणि कोन

उत्तम गोळीसुद्धा चुकीच्या जागी लागली तर उपयोगाची नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व आफ्रिकेत वॉल्टर ‘कारामोजो’ बेल यांनी ७ मिलिमीटर माउझरसारख्या लहान व्यासाच्या रायफलने शेकडो हत्ती मारले. त्यांची गोळी पूर्ण आवरणाची, न उमलणारी होती आणि हत्तीच्या कवटीच्या आत मेंदू नेमका कोठे असतो याचा त्यांनी कवट्या कापून अभ्यास केला होता. त्या काळातील हत्तींच्या कत्तलीचे कौतुक करण्याचे कारण नाही, पण गोळीची बांधणी आणि शरीररचनेचे ज्ञान या दोहोंची सांगड कशी असावी, हे त्या उदाहरणातून कळते.

एल्क आडवा उभा असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर जावे आणि छातीच्या उंचीचा खालचा तिसरा हिस्सा संपतो तेथे नेम धरावा. या जागी दोन्ही फुप्फुसे सापडतात, गोळी थोडी खाली गेली तर हृदय सापडते आणि वाटेत फक्त बरगडीचे हाड येते. जनावर तिरके होऊन आपल्यापासून दूर तोंड करून असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाचा अंदाज घेऊन, गोळी त्या पायाच्या रोखाने जाईल असा नेम धरावा. यात गोळीला पोटाचा कडेचा भाग ओलांडून लांबवर जावे लागते, म्हणून बांधणी मजबूत हवी. आपल्याकडे तोंड करून तिरक्या उभ्या जनावरावर बार काढणे टाळावे. ते वळण्याची वाट पाहावी, आणि न वळता निघून गेले तर जाऊ द्यावे.

बार झाल्यावर जनावर कसे वागले ते लगेच लक्षात ठेवावे, कारण गोळीच्या कामगिरीचा पहिला पुरावा तोच असतो. फुप्फुसात लागलेले जनावर उसळी मारून खाली मान घालून धावते आणि मागे गुलाबी, फेसाळ रक्त सोडते. यकृताचे रक्त काळपट लाल असते. पाठीची कमान करून जनावर हळूहळू चालत गेले आणि रक्तात हिरवट-तपकिरी चोथा दिसला, तर गोळी पोटात गेली आहे. पहिल्या प्रसंगी अर्धा तास, दुसऱ्या प्रसंगी तीन-चार तास आणि तिसऱ्या प्रसंगी सहा ते आठ तास थांबून मग माग काढावा. पाऊस किंवा बर्फ येण्याची चिन्हे असतील तर मात्र हा नियम परिस्थिती पाहून वाकवावा लागतो. जखमी जनावराचा माग काढण्याचा योग्य तो प्रयत्न न करणे हा कोलोराडोत गुन्हा आहे.

जखम आणि गोळी वाचणे

आता मुख्य कामाकडे येऊ. जनावर सापडल्यावर फोटोंची घाई न करता आधी शिरण्याची जागा शोधावी. तेथले भोक गोळीच्या व्यासाएवढेच असेल आणि बाहेर पडण्याचे भोक अंगठ्याएवढे किंवा त्याहून मोठे असेल, तर गोळी उमलली होती. दोन्ही भोके सारख्याच आकाराची असतील तर ती उमललेली नाही, असे मानून पुढे तपासावे. पोट साफ करताना फुप्फुसे चिंध्या न करता अखंड बाहेर काढावीत आणि त्यांतून गेलेल्या वाटेत बोटे घालून तिची रुंदी पाहावी. चांगल्या उमललेल्या गोळीच्या वाटेभोवतीचे फुप्फुस काळ्या-लाल लगद्यासारखे झालेले असते. नुसते सुबक भोक आणि भोवती गुलाबी, निरोगी पेशी हे उमलणे फसल्याचे चिन्ह आहे. बरगडी तुटली असेल तर ती गोळी शिरतानाची की बाहेर पडतानाची, हेही टिपावे.

गोळी आरपार गेली तर ती हाती लागत नाही, आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नये. दोन्ही बाजूंना भोक असणे म्हणजे जमिनीवर दुप्पट रक्त, आणि दाट झाडीत माग काढताना त्याचे मोल फार आहे. गोळी आतच राहिली असेल तर ती बहुधा पलीकडच्या कातड्याखाली सापडते, कारण कातडे लवचिक असते आणि शेवटचा उरलेला वेग झेलून घेते.

सापडलेली गोळी कोमट पाण्यात जुन्या दात घासण्याच्या ब्रशने स्वच्छ करावी. पाकळ्यांमध्ये केस, हाडाचे कण आणि मांसाचे धागे घट्ट बसलेले असतात. ते टाचणीने काढले नाहीत तर वजन फसवते. वाळल्यावर ती सोनाराच्या लहान काट्यावर, म्हणजे ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर ठेवावी. गेल्या हंगामातली माझी गोळी ९.०१ ग्रॅम भरली. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, म्हणून ती १३९ ग्रेन झाली. मूळची १६५ होती, म्हणजे ८४ टक्के वजन टिकले. मग कॅलिपरने सर्वांत रुंद आणि सर्वांत अरुंद असे दोन व्यास घेऊन त्यांची सरासरी काढली: १४.२ मिलिमीटर, म्हणजे मूळच्या ७.८ मिलिमीटरच्या १.८ पट. व्यास १.८ पट झाला की पुढचा पृष्ठभाग तिपटीहून अधिक होतो. एक पाकळी तुटलेली होती आणि बाकीच्या सारख्या वळल्या होत्या, त्यामुळे गोळी आत शिरल्यावर आडवी न होता सरळ गेली असे म्हणता आले.

या आकड्यांचा अर्थ लावताना बांधणी विसरू नये. तांब्याच्या गोळीचे ९५ टक्क्यांहून अधिक वजन टिकायला हवे. बॉन्डेडचे ८० ते ९०. पार्टिशनचे साधारण ६५ ते ७०, कारण तिचा पुढचा कप्पा फुटून जाण्यासाठीच बनवलेला आहे. म्हणून ६८ टक्के वजनाची पार्टिशन गोळी पाहून नाक मुरडणे चूक आहे, आणि १०० टक्के वजन टिकलेली शिशाची गोळी पाहून खूश होणे ही त्याहून मोठी चूक आहे. काहीही न गमावलेली शिशाची गोळी बहुधा नीट उमललेली नसते. उमलणे मूळ व्यासाच्या दीडपट ते दुप्पट असावे. दीडपटीपेक्षा बरेच कमी असेल तर लागतानाचा वेग कमी पडला का, हे अंतरावरून ताडून पाहावे.

मांस आणि शिसे

गोळीच्या पारखीत मांसाचा विचार यायलाच हवा, कारण एल्कचे मांस आपल्याच घरात शिजणार आहे. शिशाच्या गोळीचे सूक्ष्म कण जखमेच्या वाटेपासून वीतभर किंवा त्याहूनही दूर मांसात पसरलेले क्ष-किरण चित्रांत दिसतात आणि ते डोळ्यांना किंवा जिभेला कळत नाहीत. जखमेभोवतीचे रक्ताळलेले, काळसर मांस मोकळ्या हाताने कापून टाकावे. खिमा करायचा असेल तर त्यात ते मुळीच मिसळू नये. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया घरात असतील तर मी सरळ तांब्याची गोळी घ्यायला सांगेन. जंगलात टाकलेल्या आतड्यांवर गरुड आणि गिधाडे येतात, त्यांच्या पोटातही हे शिसे जाते. कॅलिफोर्नियातील काँडॉर गिधाडे इतकी कमी झाली होती की १९८७ मध्ये उरलेले सर्व पक्षी पकडून पिंजऱ्यात वाढवावे लागले. रानात परत सोडलेल्या पक्ष्यांनाही शिशाची विषबाधा होतच राहिली, आणि त्या राज्याने २०१३ मध्ये केलेल्या कायद्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. कोलोराडोत अशी सक्ती नाही, म्हणून निर्णय आपल्या हातात आहे.

नोंदवही

एका शिकारीवरून गोळीला चांगले-वाईट ठरवू नये. मी एक साधी वही ठेवली आहे आणि प्रत्येक पानाला गोळी छोट्या पिशवीत घालून टाचतो. पानावर तारीख, अंतर, जनावर, कोन, गोळी लागतानाचा अंदाजे वेग, वाटेत आलेली हाडे, जनावर किती धावले, वजन किती टिकले, व्यास किती झाला, आणि गोळी आत राहिली की बाहेर पडली, एवढे लिहिलेले असते. लागतानाचा वेग कोणत्याही बॅलिस्टिक अ‍ॅपमध्ये आपला मोजलेला वेग, गोळीचा बॅलिस्टिक कोइफिशंट (ती हवेचा अडथळा किती सहज कापते ते सांगणारी संख्या), उंची आणि अंतर घातले की मिळतो. कोनाचे शब्दांतले वर्णन पुढच्या वर्षी कळत नाही, म्हणून वरून पाहिलेल्या जनावराचे छोटेसे रेखाचित्र काढून त्यावर गोळीची वाट बाणाने दाखवावी.

आपल्या ओळखीच्या तीन-चार शिकाऱ्यांनी एकाच गोळीच्या अशा नोंदी एकत्र केल्या तर दोन-तीन हंगामांत ती गोळी कोणत्या वेगापासून कोणत्या वेगापर्यंत विश्वासाची आहे, याचा बराच भरवशाचा पट तयार होतो. माझ्या वहीत त्या एल्क मादीचेही पान आहे. त्याला टाचलेल्या पिशवीत आवरणाचे पाच कपटे आहेत, सगळे मिळून ३१ ग्रेन भरतात. बाकीची गोळी मला सापडली नाही.